पाव किलोच्या दिवसांतले किलोचे वजन

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी वजन आहे, चांगले एक किलोचे. पोटात शिसे आणि अंगावर सरकारी शिक्का घेऊन मी देवरूखला काशीरामच्या किराणा दुकानात आलो. तेव्हा माझा थाट काय सांगू! दिवसातून शंभरदा मला उचलत. पाव किलोच्या पिटुकल्याला मी खिजगणतीतही धरत नसे.

गंगुबाई माझ्या हक्काच्या गिऱ्हाईक. नवरा गेल्यावर त्यांनी कॉलेजच्या मुलांसाठी खानावळ काढली होती. आसपासच्या खेड्यांतली बारा मुले तिथे जेवत. ताटाचा दर जूनमध्ये ठरे, मग वर्षभर तोच.

अठ्ठ्याण्णव साली डाळ, तेल चढतच होते. दिवाळीच्या सुमाराला कांद्याने चाळिशी गाठली. दुकानात रोज सभा भरू लागली.

निवृत्त दत्तात्रेय मास्तर म्हणत, "नोटा वाढल्या, माल तेवढाच. भाव चढणारच!"

"नोटा कसल्या?" काशीराम म्हणे. "पावसानं कांदा कुजला, ट्रकभाडं वाढलं."

कचेरीतले रावजी दोघांनाही खोडून काढत. "बडे व्यापारी माल दाबून बसलेत. आणि उद्या वाढणार म्हणून तुम्ही आजच वाढवता!"

वाद रंगला की जो तो मलाच फळीवर आपटी. मला त्याचा अभिमान वाटे, खोटे कशाला बोलू?

एकदा गंगुबाई मध्येच म्हणाल्या, "मास्तर, सगल्यांचा खरा आसंल. पन मी ताटाचा दर वाडवू का नको, येवडा सांगा. पोरांचे आयबाप कुटनं देतील?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "थोडं थांबा. नवं पीक आलं की उतरेल सगळं."

त्या थांबल्या; पुढच्या जूनमध्येही दर वाढवला नाही. कांदा उतरला, बाकी काहीच उतरले नाही. त्यांची डाळ अर्ध्या किलोवर आली, मग पाव किलोवर. मनगटे काड्यांसारखी झाली.

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्या आल्या. "आज किलो घाल, काशीराम. पोरांचा शेवटचा जेवान हाय." खानावळ बंद करून त्या मुंबईला परक्या घरी स्वयंपाकाला निघाल्या होत्या. काशीरामने मला पारड्यात ठेवले, तेव्हा माझे मलाच ओझे झाले.

मुलांच्या ताटात आणखी कमी पडू नये म्हणून त्या स्वतः वर्षभर एक वेळ पेजेवर राहिल्या, हे मागाहून कळले. ते कळले त्या दिवशी सभा भरली नाही.

आता दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला आहे आणि मी कोपऱ्यात गंजतो आहे. मित्रांनो, महागाई का होते ते जरूर शिका. तिघांचेही थोडेथोडे खरे असावे. पण किलो नेणारे माणूस पाव किलो मागू लागले, तर कारणे नंतर सांगा. आधी विचारा, "तुम्ही जेवलात का?"

मला विचारता येत नव्हते. त्या तिघांना येत होते.