बाकावरची जागा

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मेणबत्ती सेलवर चालायची. मागच्या तुकडीत एका मुलीची वेणी खऱ्या मेणबत्तीवर होरपळली, तेव्हापासून देवाची ज्योतसुद्धा प्लास्टिकची झाली. दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, संपली की टीचर ती खटकन लावायच्या, पडदे ओढायच्या आणि म्हणायच्या, "डोळे मिटा. येशूशी आपल्या शब्दांत बोला. मग गप्प बसा. तो आतून उत्तर देतो."

उत्तर ऐकू आलं की ते सगळ्यांना सांगायचं आणि हिरव्या कागदाचं एक पान भिंतीवरच्या वेलीला, आपापल्या फांदीवर चिकटवायचं. ही कल्पना टीचरांचीच. फादरांना ती इतकी आवडली की त्यांनी ती प्रवचनातही सांगितली होती.

मुलांना काय, पान चिकटवायला मिळालं म्हणजे झालं. "येशू म्हणाला, भावाला मारू नकोस." "येशू म्हणाला, दूध सगळं पी." येशू दर आठवड्याला हुबेहूब त्यांच्या आयांसारखा बोलायचा. टीचर मान डोलवायच्या आणि गोंदाची बाटली पुढे सरकवायच्या.

कोरी फांदी एकाच मुलीची होती. तिला सगळे चिमणी म्हणायचे. ती बाकाच्या टोकाला बसायची आणि शेजारी जागा मोकळी ठेवायची. कोणी तिथे टेकायला आलं की खेकसायची, "सरक तिकडे. तो येणारेय." डोळे एवढे घट्ट मिटायची की कपाळाला आठ्या पडायच्या. मग दर वेळी तेच, "नाही बोलला." तरी घरी जाताना त्या मोकळ्या जागेकडे वळून ती न चुकता म्हणायची, "येते हं."

तिची आई घर सोडून गेली होती. चिमणी आजीकडे राहायची आणि येशूला एकच विचारायची, आई येणार का? "नाही म्हणाला तरी चालेल," तिने टीचरांना सांगितलं होतं. "पण काहीतरी म्हणू दे ना."

टीचरांची तरी कुठे वेगळी गत होती? नवरा गेल्यापासून भांडी विसळताना त्या रोज देवाशी बोलायच्या. पलीकडून हूं नाही की चूं नाही. नळ बंद केला की घर इतकं सुन्न व्हायचं की त्या उगाच पुन्हा नळ सोडायच्या. त्यांचा सगळा जीव रविवारावर होता. आपल्याला नाही तर नाही, पण मुलांना ऐकू येतंय, म्हणजे कोणीतरी बोलतंय. या एवढ्याशा आधारावर त्या आठवडा ढकलायच्या. म्हणूनच ती कोरी फांदी त्यांच्या डोळ्यांत सलायची.

मुलांना चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद मिळण्याचा सोहळा जवळ आला. पुढच्या रविवारी फादर वर्ग बघायला येणार होते. टीचरांनी चिमणीला बाजूला घेतलं. "बाळा, मन लावून ऐकतेस ना? सगळ्यांना ऐकू येतं, मग तुलाच कसं नाही येत?"

आपण काय बोलून बसलो हे त्यांना लगेच कळलं. पण तेवढ्यात दारात आजी आली, तिने चिमणीचा हात धरला आणि बोललेलं परत घ्यायचं राहून गेलं.

रविवारी फादर आले. "काय मंडळी, येशू काय म्हणतोय?"

सगळ्यांत आधी चिमणीचा हात वर गेला. उभी राहून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "येशू म्हणाला, तू माझी लाडकी आहेस. आई लवकरच येईल."

फादरांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनीही वाजवल्या. टीचरांना तर रडूच फुटलं. बोलला! इतक्या दिवसांनी का होईना, बोलला! चिमणीने पान चिकटवलं आणि वेल एकदाची भरली.

वर्ग सुटला. फादर गेले, मुलं पांगली. टीचर मेणबत्ती बंद करायला वळल्या आणि त्यांचं बाकाकडे लक्ष गेलं. चिमणीच्या शेजारच्या जागेवर तिची बॅग होती.

"आज त्याला जागा नाही ठेवलीस?"

"खाली ठेवली की बॅग मळते," चिमणी म्हणाली.

टीचर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. खोटं बोलायचं त्राणच उरलं नव्हतं. "चिमणे, खरं सांगू? मलाही तो कधी ऐकू आला नाही. एकदासुद्धा नाही."

चिमणीला नवल वाटलं नाही. आजारी माणसाकडे बघावं तसं तिने टीचरांकडे बघितलं. मग कागदी पानांच्या डब्यातून एक उरलेलं पान काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"मग तुम्हीपण लावा ना, टीचर. गोंद आहे अजून. काहीही सांगितलं तरी चालतं. मी सगळ्यांना विचारलं खेळताना. सगळे मनाचंच सांगतात."

"सगळे?"

"हो. सगळेच."

तिने बॅग खांद्याला अडकवली. "येते हं, टीचर," म्हणाली आणि बाकाकडे न बघता निघून गेली.