आईची गोळी

दुपारच्या सुट्टीनंतर चित्रकलेच्या बाई शिक्षकांच्या खोलीत टेबलावर डोकं टेकून डुलकी काढताना सापडल्या, आणि मुख्याध्यापक सर सगळ्यांदेखत त्यांच्यावर बरसले. घरी तान्हं मूल आहे, ते रात्रभर जागवतं, असं बाई सांगू लागल्या, पण सर ऐकतील तर ना! 'लवकर निजे, लवकर उठे' हे शाळेच्या दारावर शोभेला रंगवलेलं नाही, ज्याला स्वतःची झोप सांभाळता येत नाही तो वर्ग काय सांभाळणार, असं बरंच काही बोलले. दारावरची ती अक्षरं बाईंनीच रंगवली होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि बाकीचे शिक्षक वह्यांत तोंड खुपसून बसले.

आता गंमत ऐका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! या सरांना स्वतःलाच कित्येक महिने धड झोप नव्हती. उत्तरपत्रिका, वेळापत्रकं, पालकांच्या तक्रारी, सगळं गादीवर घेऊन बसायचे. दिवा मालवला की डोळे टक्क उघडे. मग रविवारी भरपाई म्हणून दुपारपर्यंत लोळायचे. डॉक्टरकडे जावं तर लोक काय म्हणतील? शिस्तीसाठी गाजलेले मुख्याध्यापक, आणि साधी झोप येत नाही! शेवटी त्यांनी जे केलं ते सांगतानाही जीभ अडखळते. त्यांनी आईच्या गोळ्या चोरल्या.

म्हातारी आई त्यांच्याकडेच राहायची. पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून तिला झोपेची गोळी सुरू होती. वारांचे कप्पे असलेली तिची औषधांची डबी सर स्वतः भरत, बायकोला हात लावू देत नसत. मुलगा असावा तर असा, म्हणून शेजारीपाजारी कौतुक करायचे. त्याच डबीत सर आता तशीच पांढरी, तशीच गोल जीवनसत्त्वाची गोळी ठेवू लागले आणि खरी स्वतः घेऊ लागले. पहिल्यांदा दार लावून घेतलं, पुढे सवय झाली. काही दिवस झोप लागलीही, मग तीही गोळी पुरेना.

इकडे आई तळमळू लागली. वयच झालं, असं म्हणत गप्प राहिली. शेवटी सुनेनं हट्ट धरला आणि सरांना आईला दवाखान्यात न्यावं लागलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, खोदून खोदून विचारलं, पण त्यांना उलगडा होईना. एका गोळीनं भागत नसेल तर दोन देऊन बघू, असं त्या म्हणाल्या. रात्री उठताना मात्र कुणाचा तरी हात धरायचा, नाहीतर तोल जाईल, हेही बजावलं.

आणि वाचकहो, ते ऐकून सरांना क्षणभर बरंच वाटलं! दोन गोळ्या. एक तिला, एक मला.

तेवढ्यात आई म्हणाली, "बाई, माझी गोळी नका वाढवू. मला कुठे सकाळी उठून शाळा चालवायचीय? मी राहीन पडून. औषध द्यायचंच तर याला द्या. रात्रभर याच्या चपला वाजतात घरात. विचारलं तर कबूल करायचा नाही, मानी आहे."

सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी वर न बघता सांगून टाकलं, "आई, तुझी गोळी मी घेतोय. डबीतली खोटी आहे."

चिठ्ठी लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आई हळूच म्हणाली, "अरे, मागितली असतीस तर दिली नसती का?"

त्यापेक्षा तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर सरांना सोसल्या असत्या.

"सर, तुम्हाला लाज वाटली ती चुकीच्या गोष्टीची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोप न येणं हे दुखणं आहे, गुन्हा नाही. ते लपवलंत, म्हणून चोरीची वेळ आली. मी दोन लिहून दिल्या असत्या, उद्या तुम्हाला पश्चात्ताप होऊन तुम्ही दोन्ही खऱ्या ठेवल्या असत्या, आणि आजी पुन्हा पडल्या असत्या तर?"

आईला तिची एकच, पण खरी गोळी पुन्हा मिळणार होती, आणि सरांची गोळी डॉक्टरीणबाई स्वतःच्या देखरेखीखाली कमी करत नेणार होत्या. खरा उपाय वेगळाच होता. गादीवर शाळा आणायची नाही. झोप आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, आणि डोळा लागेना तर तळमळत न पडता उठून बाहेर बसायचं. रात्र कशीही जावो, उठायची वेळ एकच, रविवारीही. शिवाय निजायच्या तास-दीड तास आधी सोसेल इतक्या गरम पाण्यानं अंघोळ. अंग आधी तापतं, मग आपोआप निवू लागतं, आणि निवणाऱ्या अंगाला झोप लवकर येते.

सर पुटपुटले की मी काय तान्हं बाळ आहे?

"तान्हा होतास तेव्हा अक्कल होती तुला," आई म्हणाली. "न्हाऊ घातलं की डाराडूर झोपायचास." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. सर हसले नाहीत.

जादूबिदू झाली नाही. सुरुवातीला तर सर आणखीच पेंगुळले, चिडचिडले. पण गादीवरची भीती हळूहळू ओसरली, झोप परत आली.

मग एक दिवस ते शिक्षकांच्या खोलीत गेले. अपमान सगळ्यांदेखत केला होता, माफीही सगळ्यांदेखत मागितली. आईच्या गोळ्यांचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. चित्रकलेच्या बाईंना त्यांनी विनंती केली, की दारावरच्या ओळीखाली आणखी एक ओळ रंगवा: 'झोप येत नसेल तर सांगा.'

मंडळी, पेंगणाऱ्याला आळशी म्हणणं सोपं आहे. पण त्याला आधी विचारा, रात्र कशी गेली? आणि आपली रात्र वाईट जात असेल तर तोंड उघडा. दुखणं सांगितल्यानं कुणाची मान खाली जात नाही, लपवण्यापायी मात्र माणूस आईच्या उशाशी चोर होतो.

सरांनी औषधांची डबी बायकोच्या हाती दिली होती. आईनं ती परत मागवली आणि मुलापुढे ठेवली. "तूच भरायची," ती म्हणाली. दर रविवारी सर ती भरतात, आणि भरून होईपर्यंत त्यांची मान वर होत नाही.