मुद्दाम वाचलेली चूक

"पण बाबांना तेव्हा काही समजत तरी होतं का?" दादाने विचारलं आणि तो खुर्चीत मागे टेकला. वकीलबाई चष्मा पुसत राहिल्या.

बाबांना जाऊन महिना झाला होता. याच ऑफिसात त्यांनी एकेचाळीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं टाइप केली. स्वतःचं मात्र अगदी शेवटी केलं, पक्षाघाताने वाचा आणि उजवा हात गेल्यावर. त्याप्रमाणे आई हयात असेपर्यंत घर विकता येणार नव्हतं. इकडे दादाने तिच्यासाठी वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. घराच्या पैशांतून तिचा खर्च भागणार होता. दादा वाईट नाही. आई बाथरूममध्ये दोनदा पडली, तेव्हा दोन्ही वेळा तोच धावत आला होता. आईला विचारलं तर ती म्हणे, "तुम्ही ठरवाल ते," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राही.

"काकांची पद्धत ठाऊक आहे ना तुम्हाला?" वकीलबाईंनी विचारलं.

आम्हाला ठाऊक नव्हती. बाबा ऑफिस घरी आणत नसत.

"म्हातारं माणूस आलं की ते आधी मुलाबाळांना बाहेर बसवायचे. मग कागद वाचून दाखवायचे आणि मधेच मुद्दाम एक चूक वाचायचे. धाकटीचं थोरलीला देऊन टाकायचे. समोरच्याने अडवलं तर सही. नुसतीच मान डोलावली तर टाइपरायटरवर झाकण. 'आज राहू दे आजी, पुढच्या आठवड्यात एकट्या या.' एका आजींनी तर त्यांना झापलं होतं, 'मेल्या, चष्मा बदल नाहीतर नोकरी बदल.' दिवसभर खुशीत होते काका."

दादाला हसू आलं. त्याने ते आवरलं.

"त्यांच्याच पद्धतीने, तुमच्या घरी त्यांच्या पलंगाशी बसून, मी त्यांची परीक्षा घेतली. साक्षीला डॉक्टर होते, शेजारचे मास्तर होते. मी वाचलं, 'घर एकट्या मुलीला.' काकांनी डाव्या हाताने पलंगाच्या कडेवर टकटक केलं. मग मी नीट वाचलं, 'पत्नीच्या पश्चात मुलगा आणि मुलगी, दोघांना सारखं.' हात गप्प. पुढचं एक वाक्य वाचून मी पेन पुढे केलं, तर पुन्हा टकटक."

"का?" मी विचारलं.

"तेच ना. या वेळी मी चूक घातलीच नव्हती."

त्यांनी फाइलमधून कच्चा मसुदा काढला. 'पत्नीच्या राहण्याची योग्य व्यवस्था मुलाने करावी.' हे वाक्य या ऑफिसातल्या शेकडो मृत्युपत्रांत होतं. बहुतेक बाबांनीच टाइप केलेलं. त्यावर पेन्सिलीची एक वाकडी रेघ होती आणि वर तीन शब्द, लहान मुलाने पाटीवर गिरवावेत तसे: 'ती इथेच राहील.'

बाबांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे. ते हे नव्हतं. तरी मला ते ओळखायला क्षणही लागला नाही.

"पाऊण तास लागला," वकीलबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, 'काका, बोटाने दाखवा, मी लिहिते.' त्यांनी माझा हात बाजूला सारला. अशी 'योग्य व्यवस्था' झालेल्या किती बायका त्यांनी पाहिल्या असतील. मी तर ते वाक्य न बघता वाचत होते. डॉक्टर मला म्हणाले, 'बाई, शुद्धीत असल्याचं सर्टिफिकेट कुणाला द्यायचं? यांनी आपल्यालाच नापास केलंय.'"

दादाने मसुदा हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याने त्याची झेरॉक्स मागितली.

घरी आल्यावर तो आईच्या पलंगाशी बसला आणि मृत्युपत्र वाचू लागला. आधी भराभर, मग हळू. आईची पाठ आमच्याकडे होती. शेवटी त्याने झेरॉक्स तिच्या हातात दिली. ती वळली.

"हे कुणी लिहिलं?"

"बाबांनी."

"डाव्या हाताने?"

"हो."

तिने त्या तीन शब्दांवरून बोट फिरवलं. मग भिंतीला धरून उठली आणि पलंगाखालून एक बॅग ओढून काढली. ती बॅग तिने कधी भरली, आम्हा दोघांनाही पत्ता नव्हता. ती एकेक कपडा काढून कपाटात ठेवू लागली. दादा जमिनीवर बसून तिच्या हातात घड्या देत राहिला.

"बाथरूममध्ये धरायला दांडी बसवावी लागेल," खालमानेने तो म्हणाला.

"बसव," आई म्हणाली. "डाव्या हाताला."