वहिनींसाठी कठडे

थोरलीनं आपल्या चपला काउंटरवर सरकवल्या आणि पलीकडच्या मुलीनं दिलेले बूट उचलले. अर्धे लाल, अर्धे पांढरे, आणि आत नुकतंच काहीतरी फवारल्याचा वास. ऑपरेशन थिएटरमध्ये अर्धं आयुष्य काढलेल्या तिच्या नाकाला तो वास घरचाच वाटला. तेवढ्यावरही तिला जरा धीर आला.

“वहिनी, बसून घाला बरं. तोल जाईल,” तिचा धाकटा दीर म्हणाला.

“दिवसच्या दिवस उभ्यानं ऑपरेशनं काढते, भाऊजी. बूट घालताना पडेन होय?”

“अहो, त्यांना चिडवू नका,” दिराची बायको, तिची धाकटी जाऊ, मध्ये पडली. “आजची संध्याकाळ ताईंची आहे.”

हे वाक्य सकाळपासून घरभर फिरत होतं. चहाबरोबर आलं, दुपारी फोनवर आलं, गाडीत बसताना पुन्हा आलं. एवढ्या गोड बोलण्याची थोरलीला सवय नव्हती. कुणी नवं कापड अंगावर टाकून बघावं, तसं ती ते वाक्य मनातल्या मनात अंगावर धरून बघत होती. बसतंय का, टोचतंय का.

आतला बोलिंगचा हॉल मुद्दाम जुना केलेला होता. भिंतीवर तबकड्यांचे टेलिफोन ओळीनं टांगलेले, एकालाही तार नाही. कोपऱ्यात नाणं टाकून गाणी वाजवायचं पेटीएवढं यंत्र, त्याच्या कडेनं रंगीत नळ्या पेटलेल्या. खाण्याची यादी गाण्याच्या काळ्या तबकडीवर छापलेली. ठिपक्यांचे झगे आणि केसांत रिबिनी घातलेल्या पोरी ट्रे घेऊन पळत होत्या, आणि पलीकडं लेनच्या गुळगुळीत लाकडी पट्ट्यांवरून जड चेंडू गडगडत जाऊन पिना उडवत होते. जुन्याचं एवढं कौतुक, थोरलीच्या मनात आलं, आणि घरातलं एक जुनं माणूस कुशीवर वळवायला दुसरा हात पुढं येत नाही. आलेला विचार तिनं लगेच आवरला. आज कडू बोलायचं नव्हतं. आज सांगायचं होतं.

दूरच्या एका गावात नवं रुग्णालय उघडत होतं. तिथल्या ऑपरेशन थिएटरची सगळी जबाबदारी तिला देऊ केली होती. राहायला जागा, हाताखाली माणसं. होकार उद्या कळवायचा होता. नवरा गेल्यापासून ती या घरात सून कमी आणि नर्स जास्त होती. सासऱ्यांचं, अण्णांचं, अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा जो तो म्हणाला, बरं झालं, नर्स घरातच आहे. आणि त्या एका वाक्यावर सगळ्यांनी हात झटकले. तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. अण्णांवर तिचा जीव होता. म्हणून तर नोकरीची गोष्ट साऱ्या जगात तिनं फक्त अण्णांना सांगितली होती, परवा, त्यांना भरवता भरवता. राहायच्या खोलीमागं एक तळं आहे, हेसुद्धा सांगितलं. सकाळी खिडकी उघडावी आणि समोर पाणी असावं, कुणाचंच नसलेलं. कुणी हाक मारू नये, कुणी काही मागू नये, आणि पाण्यानं तरी काय मागावं?

अण्णांनी घास तोंडात तसाच ठेवून चालता हात तिच्या डोक्यावर ठेवला होता. “जा, पोरी. इथं किती दिवस कुजशील? मी बोलतो त्यांच्याशी.”

“तुम्ही नका बोलू, अण्णा. मीच सांगेन. मला तोंड आहे.”

“मोठी आई, तुझा नंबर,” पुतणीनं हाक मारली. कॉलेजात जाणारी ती पोर, तिच्या नेमाचं कौतुक आता सगळ्या लेनभर झालं होतं.

थोरलीनं त्यातल्या त्यात हलका चेंडू घेतला, तीन भोकांत बोटं घातली आणि रेघेपाशी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात घर्रर्र आवाज होऊन लाकडी पट्टीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे वर आले.

“हे काय गं?”

“ते लहान मुलांसाठी असतं,” पुतणी हसत म्हणाली. “चेंडू बाजूच्या नाल्यात पडत नाही. बाबांनी फक्त तुझ्या पाळीला लावायला सांगितलेत.”

“आमच्या वहिनींचा एक चेंडू वाया जायचा नाही,” दीर बसल्या जागेवरून ओरडला.

चेंडू निघाला. वाटेत भेटेल तिच्याशी दोन शब्द बोलत जाणाऱ्या बाईसारखा या कठड्याला टेकला, त्या कठड्याला टेकला, आणि रमतगमत जाऊन त्यानं चारदोन पिना आडव्या केल्या. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. थोरलीही हसली. कठडे पुन्हा घर्रर्र करत खाली बसले.

टेबलावर दुधाच्या बाटल्यांतून नारिंगी कॉकटेलं आली होती, प्रत्येकीत कागदाची छत्री.

“ताईंचं बिनदारूचं हं,” धाकटीनं ठिपक्यांच्या झग्याला बजावलं.

“का बरं?” थोरलीनं विचारलं.

“तुम्ही घेत नाही ना.”

“मला कधी कुणी विचारलंय?”

सगळे खो खो हसले. तीही हसली, कारण विनोद केला असं सगळ्यांना वाटलं होतं आणि आता तो मोडायला जीव धजत नव्हता. तिनं बाटलीतून एक घोट घेतला. सरबत होतं.

तळलेल्या बटाट्यांची थाळी अर्धी झाली तेव्हा तिनं हात पुसले.

“भाऊजी, मला एक सांगायचंय.”

“थांबा, थांबा. आधी आमचं ऐका,” म्हणत त्यानं लांबूनच कुणाला तरी खूण केली.

गाणं मध्येच थांबलं, कुठंशी पितळी घंटा वाजली आणि भोंग्यातून एक लाडिक आवाज आला. आज आपल्याकडं एक खास पाहुण्या आहेत. सासऱ्यांची आईच्या मायेनं सेवा करणाऱ्या. अशी सून नशिबानं मिळते. वरून पिवळा झोत शोधत शोधत तिच्या तोंडावर येऊन थांबला. शेजारच्या लेनवरची अनोळखी माणसं हातातले चेंडू काखेला मारून टाळ्या वाजवू लागली. धाकटीनं तिला कोपराला धरून उभं केलं.

“आणि ऐका,” दीर झोतात येऊन म्हणाला, “गच्चीवर वहिनींसाठी खोली बांधतोय. स्वतंत्र. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खिडकी. अण्णांच्या पलंगाजवळ बटण बसवणार, ते दाबलं की वर घंटा. म्हणजे यांना सारखं खाली बसून राहायला नको.”

पुन्हा टाळ्या झाल्या. झोत दुसरीकडं गेला, गाणं जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू झालं. थोरली खाली बसली. तोंडात आलेलं वाक्य तिनं सरबताच्या घोटाबरोबर गिळलं, पण ते पुन्हा वर आलं.

“तुम्ही काय सांगत होतात, वहिनी?”

“सांगते.”

“आता कुठं जाण्याबिण्याचं काढू नका हं, ताई,” धाकटी घाईघाईनं म्हणाली आणि तिच्या हातावर हात ठेवला. “आपली वयं का आता नव्या जागी रुळायची? त्यात तळ्याकाठची हवा दमट. गुडघे धरतात.”

पलीकडच्या लेनवर कुणीतरी सगळ्या पिना एका दमात पाडल्या. थोरलीनं आपला हात धाकटीच्या हाताखालून काढून घेतला.

“कुठलं तळं?” तिनं विचारलं.

धाकटीनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं थाळीकडं पाहिलं. पुतणीनं एक बटाट्याची फोड उचलली आणि तशीच धरून ठेवली.

“वहिनी, राग मानू नका,” दीर हळू आवाजात म्हणाला. “परवा रात्री अण्णा माझ्याजवळ रडले हो. लहान पोरासारखे. म्हणाले, मी तिच्यापुढं जा म्हणालो, पण ती गेली तर माझं काय? काहीही करा, तिला थांबवा.” त्यानं बाटलीतली कागदाची छत्री मिटली. “गच्चीवरची खोलीही त्यांनीच सुचवली. तिला मोठी खिडकी द्या म्हणाले.”

“आणि ही आजची संध्याकाळ?”

“ती माझी कल्पना,” धाकटी पुटपुटली.

थोरली उठली. तिची पाळी आली होती. ती रेघेपाशी जाताच कठडे घर्रर्र करत वर आले. ती मागं वळली.

“भाऊजी, हे काढायला सांगा.”

“अहो, नाल्यात जाईल.”

“जाऊ दे. काढायला सांगा.”

पुतणीच धावत काउंटरवर गेली. कठडे खाली बसले आणि पुढची पट्टी एकदम रुंद, उघडी दिसू लागली. थोरलीनं चेंडू सोडला. तो थोडा वेळ सरळ गेला, मग जणू आठवण झाल्यासारखा डावीकडं कलला आणि नाल्यात पडून मुकाट्यानं पार शेवटपर्यंत गेला.

“होतं गं असं, मोठी आई,” पुतणी म्हणाली.

“गेला तर गेला. कुणी ढकलून तर नाही ना नेला.”

ती जागेवर येऊन बसते तोच पर्समधला फोन वाजला. घरून होता. अण्णांजवळ आज शेजारचे मास्तर बसले होते. त्यांनी फोन अण्णांच्या कानाला लावून दिला असावा.

“जेवलीस का गं?” अण्णांचा आवाज मऊ होता, परवासारखाच.

“जेवतेय, अण्णा.”

“मग? सांगितलंस त्यांना?”

दीर चमच्यानं थाळीची कड खरवडत होता, तो थांबला.

“त्यांना माहीत होतं,” ती म्हणाली.

पलीकडं नुसता श्वास ऐकू येत राहिला. आजारी माणसाचा हा श्वास ती भिंतीपलीकडूनही ओळखत आली होती. कधी खोकला येणार, कधी तहान लागणार, तिला आधी कळायचं. आता मात्र त्या श्वासातून पुढं काय येणार, याचा तिला अंदाज येईना. ती थांबली. खरंच थांबली. एक शब्द आला असता तर तिनं तो पदरात घेतला असता.

“ती झोपायच्या वेळची गोळी,” अण्णा शेवटी म्हणाले, “मास्तर विचारताहेत. पांढरी की पिवळी?”

“पांढरी. अर्धीच. पिवळी सकाळची.”

“तुझ्याशिवाय कुणाला म्हणून ठाऊक नसतं बघ.”

“हो ना,” ती म्हणाली. पायातल्या एका बुटाची नाडी तिनं वाकून सोडली, मग दुसऱ्याची. “उद्या सकाळी सगळ्या डब्यांवर लिहून ठेवते, अण्णा. मोठ्या अक्षरात. म्हणजे कुणालाही देता येईल.”