नऊचा डबा

पुण्यात प्रोग्रामरला दुप्पट पगार मिळत होता. पण खोलीभाडं, खानावळ, येणं-जाणं वजा केल्यावर हातात काय राहणार? म्हणून प्रीतमने कंधारला राहून घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करायचं ठरवलं.

आई म्हणाली, "ऱ्हा की. पण गल्लीतले म्हणायलेत, पोरगं रिकामं हाय. मुलीकडचेबी चौकशी करायलेत. रोज नऊला डबा घेऊन स्टँडपर्यंत जाऊन येत जा."

पहिल्याच दिवशी तो परत आला, तर साऱ्या शेजारणी दारासमोरच्या ओट्यावर बसलेल्या. तो आल्या पावली स्टँडवर गेला आणि बाकड्यावर टेकला. तेवढ्यात मोबाइल वाजला. पुण्याचे साहेब विचारत होते, "एवढा गोंगाट कसला? घरी नाहीस का?"

मांडीवरचा डबा सावरत प्रीतम म्हणाला, "नाही सर, आज ऑफिसला आलोय."