काचेशिवायचा शनिवार

क्लेमेंटीतल्या अकराव्या मजल्यावर सकाळचे ऊन घाई न करता येई: आधी समोरच्या इमारतीच्या कपडे वाळवायच्या बांबूंवर, मग तिथल्या ओल्या चादरींतून गाळून निहारच्या ओट्यावर, आणि सर्वांत शेवटी स्टीलच्या डब्याच्या झाकणावर. तिथे ते बराच वेळ रेंगाळले. निहारही रेंगाळला. डब्यात आईने पहाटे लावलेली थालीपिठे होती, आणि आज प्रथमच ती आर्यनच्या हातात देता येणार होती.

आर्यन त्याचा धाकटा भाऊ, सोळा वर्षांचा. मारामारीच्या एका प्रकरणामुळे वर्षभरापासून मुलांच्या सुधारगृहात होता. परदेशातल्या त्यांच्या मराठी मंडळातल्या लोकांसाठी मात्र ‘होस्टेलला’. भेट जाड काचेआडून, फोनवर. त्या काचेची निहारला चीड होती. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या या इंजिनिअरने सुधारगृहाच्या समितीला नऊ पत्रे लिहिली, नम्र आणि रेखीव. अखेर काच निघाली. तिच्या जागी टेबले आली, घरचा डबा न्यायची परवानगी मिळाली.

“पत्रं लिहिणारे तुम्हीच ना?” सुधारगृहाच्या दारावरच्या अधिकारी लिम मॅडमनी हसून विचारले. निहारचे कान लाल झाले.

आर्यन समोर येऊन बसला. कोवळी मिशी फुटली होती.

“दादा! सो थिन आह तू! आई कुठाय?” तिथल्या पोरांच्या इंग्रजीतले ‘आह’, ‘लाह’ त्याच्या मराठीतही शिरले होते.

“म्हणाली, आज तू जा.”

“तिला सांग, आता नाक दाबता येणार नाही.”

“नाक?”

“काचेवर दाबायची ना, दर शनिवारी. डुकरासारखं! मग मीपण दाबायचो. गार्ड अंकल वैतागायचे, पुसून पुसून.”

“तुला त्या काचेचा राग नाही यायचा?”

“यायचा. पण पाच मिनिटांत विसरायचो, लाह. समोर आई असायची ना.” आर्यनने थालीपीठ मोडले आणि मोठा तुकडा निहारपुढे सरकवला. “खा. पुढच्या शनिवारी येशील?”

“येईन.”

तुकडा अजून कोमट होता. टेबलावर ऊन आले होते, आर्यनच्या हनुवटीला तीळ चिकटला होता, आणि निहारला कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली होती. तो सावकाश खात राहिला.

काच होती तेव्हाही भेट दर शनिवारीच असे. निहार एकदाही आला नव्हता.