मार्गाचे हरीण

मित्रांनो, दापोडीत रेल्वे रुळांकडे जाणाऱ्या गल्लीत इब्राहिमचाचांचे दुकान आहे. तिथे दाराशी उभे असलेले जुने झेरॉक्स मशीन म्हणजे मी. बारा वर्षे मी रेशनकार्डे, दाखले आणि भाडेकरार यांच्या प्रती काढल्या. "आमचं मशीन एक अक्षर सोडत नाही," असे चाचा सगळ्यांना सांगत. त्या कौतुकाची आता मला लाज वाटते.

झाले असे, की एका कागदाला राहिलेली टाचणी माझ्या पोटात गेली. अक्षरे उमटवणाऱ्या ड्रमवर ओरखडा पडला आणि प्रत्येक प्रतीवर एक बारीक तिरकी रेघ येऊ लागली. चाचांना ती दिसली होती. "दाखल्याला काय फरक पडतो?" असे म्हणून त्यांनी दुरुस्ती पुढे ढकलली.

त्याच दिवसांत बुद्धभूषण आला. लातूरकडचा हा तरुण महाळुंग्याच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासायचा. रविवारी पुण्याला विजयश्री मॅडमच्या वर्गात तो गांधारी भाषा शिकायचा. दोन हजार वर्षांपूर्वी वायव्येकडच्या गांधार प्रदेशात ही भाषा होती. तिथल्या लोकांनी बुद्धाची वचने भूर्जपत्रांवर, उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या खरोष्ठी लिपीत लिहून ठेवली. त्या भूर्जपत्रांच्या छायाचित्रांचे दुर्मीळ पुस्तक मॅडमनी त्याला एका दिवसासाठी दिले होते.

"चाचा, सगळी पानं काढा," तो म्हणाला. "मोबाईलवर नको. पेन्सिलीनं खुणा करायच्यात. जेवणाच्या सुट्टीत वाचत बसतो मी."

मी पाने काढली. रेघ बहुतेक ठिकाणी कोऱ्या जागेत पडली. एका पानावर मात्र ती नेमकी 'म' या अक्षरावर पडली. त्या लिपीत अक्षरावर तिरकी रेघ म्हणजे इकार. मुळात शब्द होता 'मग', म्हणजे मार्ग. माझ्यामुळे तो 'मिग' झाला.

तीन महिन्यांनी बुद्धभूषण मॅडमकडून पुन्हा मागून आणलेले ते पुस्तक आणि प्रत दोन्ही घेऊन आला. चेहरा उतरला होता.

"चाचा, या ओळीत हरीण आहे असं मी निबंधात लिहिलं. मिग म्हणजे मृग. वर्गापुढं वाचला. मॅडमनी मूळ पुस्तक उघडलं, तर तिथं रेघच नाही. मागं कुणीतरी हसलं. आता मी काही तिकडं जात नाही."

चाचांनी माझे झाकण उघडले, काचेवर कोरा कागद ठेवला आणि प्रत काढली. कोऱ्या पानावर ती एकटी रेघ उमटली. मित्रांनो, त्या क्षणी मला बंद पडावेसे वाटले.

"भाऊ, ही गलती आमची आहे," चाचा हळू आवाजात म्हणाले. "मला माहीत होतं. बोललो नाही तुम्हाला. रविवारी मी येतो तुमच्याबरोबर."

"तुम्ही कशाला, चाचा?"

"मीच यायला पाहिजे."

रविवारी दुकान बंद राहिले. वर्गात काय झाले ते सोमवारी चाचांनी दुकानात आपल्या बायकोला, झुलेखाचाचींना सांगितले, तेव्हा मला कळले.

"सगळे शिकलेले लोक होते गं. तो कागद दाखवला आणि सांगितलं, या पोराची चूक नाही."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुम्ही आलात, फार बरं केलंत. आणि त्याला म्हणाल्या, बुद्धभूषण, पण मूळ पान पाहणं तुमचं काम होतं. तो म्हणाला, हो मॅडम, माझं चुकलं. निबंध परत लिहितोय आता."

त्याच आठवड्यात मला नवा ड्रम बसला. बुद्धभूषण अजून येतो. प्रत हातात घेतली की मूळ पानाशेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहतो.

पण त्या तीन महिन्यांत माझ्यातून शेकडो कागद गेले. कुणाच्या नावावर, कुणाच्या जन्मतारखेवर ती रेघ पडली असेल, मला ठाऊक नाही. त्यांच्याकडे सांगायला कुणी गेले नाही. मित्रांनो, आम्हा यंत्रांना खोट लागली तर वेळेवर दुरुस्त करा, आणि आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कुणी गल्लीतून हातात कागद घेऊन जाताना दिसले, की वाटते, याने एकदा आत यावे आणि आपली प्रत बदलून न्यावी.